टू बिश्वात आणि चार वर्षांची मुलं: मलिदा येणाऱ्यांनी कृपया मदत करा

अंगणातली_चिमणी | ११ जानेवारी २०२६, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेलं दीड वर्ष मी न्यू जर्सीत एका ज्यू कम्युनिटी सेंटरच्या प्रीस्कूलमध्ये मदतनीस शिक्षिका आहे. वर्गात १४ मुलं, वय तीन ते साडेचार. निम्म्याहून थोडी जास्त ज्यू घरांतली, बाकी आम्ही सगळे सरमिसळ. हनुक्काचे भोवरे आणि पुरिमची खुळखुळी आता माझ्या हाताखालून गेलीत. पण २ फेब्रुवारीला, सोमवारी, 'टू बिश्वात' आहे, झाडांचं नवं वर्ष. तो दिवस या वेळी पूर्ण माझ्याकडे आलाय.

झालं असं, की मुख्य बाईंनी कुठेतरी वाचलं. मला म्हणाल्या, "तू महाराष्ट्रातली ना? तुमच्याकडच्या ज्यूंचा या दिवशी मलिदा नावाचा पदार्थ असतो म्हणे. मग तूच घे." मी मान डोलावली. खरं सांगू? मला मलिदा म्हणजे कंत्राटदार खातात तो, एवढंच माहीत.

तूर्त ठरवलेलं असं: तोरामध्ये (ज्यूंचा धर्मग्रंथ) इस्राएलच्या भूमीची सात पिकं सांगितली आहेत (गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, खजूर). प्रत्येकाचं एकेक चित्र छापून रंगवून घ्यायचं, म्हणजे सात कागद. शिवाय फांदीवर पॉपकॉर्न चिकटवून बदामाचा मोहोर करायचा. झाड लावता येणार नाही, बाहेरची माती दगडासारखी गोठलीय. आणि मलिदा, जर कोणी शिकवला तर.

कुणी हा सण घरी केलाय का? लहान मुलांना शिकवणाऱ्यांनीही बोला.

कट्ट्यावरचा | ११ जानेवारी, रात्री ९:४०

आपली वटपौर्णिमा सांगा की त्यांना. झाडांचाच सण आहे. आपले सोडून दुसऱ्यांचे सण शिकवायची हौस दांडगी.

दोन_वेण्या | ११ जानेवारी, रात्री ९:४७

@कट्ट्यावरचा, ती त्यांच्याच शाळेत नोकरी करते. पगारही त्यांचाच घेते. वाचत जा हो आधी.

चिमणे, वाचनखूण साठवली. सविस्तर उद्या लिहिते, एवढंच सांगून ठेवते: पॉपकॉर्न नको.

तेलाचा_घाणा | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

आयडीवरून ओळखलं असेलच कुणी. मी ठाण्याचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. मूळ घर अलिबाग तालुक्यात. आमचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, अशी आमच्यात कथा आहे. पुढे तेल गाळायचा धंदा पत्करला आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. तेव्हा @कट्ट्यावरचा, 'दुसऱ्यांचे सण' जरा जपून म्हणा. आमच्या आजीने हा सण मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत कधी उच्चारलाच नाही.

आजी 'टू बिश्वात' म्हणत नसे. ती म्हणे 'एलियाहू हन्नाबीचा उरूस'. आमच्या जुन्या मंडळींनी सगळ्याच सणांना अशी घरगुती नावं दिली होती. रोश हशाना (ज्यूंचं नवं वर्ष) तो नव्याचा सण. खिरीचा सण, बिरड्याचा सण, पेसाहला (ज्यूंचा वसंतातला सण) अनाशी ढाकाचा सण. पुरिमला तर चक्क होळीचा सण. त्यातला हा उरूस.

एलियाहू म्हणजे एलिया संदेष्टा, जो अग्निरथातून स्वर्गात गेला. आमच्यातली श्रद्धा अशी की तो कोकणात येऊन गेला. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं खंडाळं नव्हे, लोक दर वर्षी चुकतात!) खडकावर घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. या दिवशी मुंबई-ठाण्याहून माणसं तिथे जातात, एलियाहूचं गाणं होतं आणि मलिदा वाटतात. आम्ही लहानपणी एस.टी.ने जायचो. आंब्याला मोहोर आलेला असायचा, आणि परतताना कोणाच्या तरी वाडीत पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा आणि चिकन) लागलेली असायची. (त्यातल्या चिकनबद्दल बाबा मुद्दाम मोठ्याने "कोशेर (ज्यू आहारनियमांत बसणारं) आहे का हो?" विचारायचे आणि शेंगा तेवढ्या खायचे.)

आता मलिदा. सांगायला सोपा आहे, पण पोह्यांवर सगळं आहे. जाडे पोहे चाळणीत धुवायचे, भिजत टाकायचे नाहीत. दहा मिनिटं तसेच निथळत ठेवले की फुलतात आणि मोकळे राहतात. त्यात ओला नारळ खवून, साखर किंवा किसलेला गूळ, वेलदोडा, चिमूटभर जायफळ, वरून बदाम-पिस्ते-बेदाणे. ताटात मधोमध ढीग करायचा आणि भोवती पाच तऱ्हेची फळं मांडायची. आमच्याकडे केळं, सफरचंद, खजूर ठरलेले. बाकी बाजारात असेल ते. एखादं गुलाबाचं फूलही ठेवतात. मग बेराखोथ, म्हणजे एकेका वस्तूवरचं स्तुतिवचन, आणि सगळ्यांनी थोडं थोडं खायचं. हा पदार्थ फक्त या दिवसाचा नाही. नवं घर, लग्नाआधीची मेंदी, नवस फेडणं, परीक्षेत पास होणं, काहीही चांगलं झालं की मलिदा.

नावाचं म्हणाल तर 'टू' हा आकडा आहे, पंधरा. हिब्रूत अक्षरांनाच अंक असतात. दहा आणि पाच लिहिले तर देवाच्या नावाची अक्षरं होतात, म्हणून नऊ आणि सहा लिहितात: तेत आणि वाव, त्याचं 'टू'. शेवात महिन्याची पंधरावी. कालनिर्णय काढून बघ, रविवारी १ तारखेला माघी पौर्णिमा आहे. त्याच सूर्यास्तापासून आमचा दिवस लागतो. मुलांना आदल्या संध्याकाळी चंद्र बघून यायला सांग. गृहपाठ एवढाच.

कट्ट्यावरचा | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. पण खंडाळ्याचं मलाही घाटातलंच वाटलं असतं.

पाटीपेन्सिल | १२ जानेवारी, दुपारी २:२०

३१ वर्षं बालवाडीत काढून आता घरी बसलेय, म्हणून आगाऊपणे लिहिते.

चिमणी, ते सात कागद फेकून दे बाई. छापील डाळिंबात लाल रंग भरून मुलाला डाळिंबाबद्दल काय कळतं? रेघेबाहेर रंग गेला की बाई नाराज होतात, एवढं कळतं. आणि शेवटी भिंतीवर १४ सारखी डाळिंबं लटकतात, तीही निम्मी तूच पूर्ण केलेली. खोटं सांगतेय का?

आम्ही ज्या मुशीत तयार झालो ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. कोसबाडच्या टेकडीवर पानं, बिया, दगड, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य होतं. विकतचं नव्हतं म्हणून नाही फक्त. मूल हाताने विचार करतं म्हणून.

तुझ्या सणात तर हाताला काम देणारं आयतं काहीतरी असणार. सात पिकं चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात राहणार नाहीत, सातच्या पुढे ते 'खूप' म्हणतं. एक गोष्ट निवड. फळ उघडल्यावर आत काय? त्याच्याभोवती सगळी सकाळ फिरव.

एक कापडी पिशवी घे. आत डाळिंब, खजूर, संत्रं, अक्रोड, अंजीर. डोळे मिटून हात घालायचा आणि बोलायचं: खरबरीत, गुळगुळीत, सुरकुतलेलं. नाव ओळखायची घाई नको. नाव कळलं की मूल हात फिरवायचं थांबवतं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

आणि एका वेळी सगळी १४ मुलं एका टेबलाशी बसवू नकोस. तीन कोपरे कर. एकीकडे फळं, एकीकडे माती, एकीकडे कुटणं-मिसळणं. ज्याला मातीतच बसायचंय त्याला बसू दे. तो मलिद्याकडे आलाच नाही तरी सण बुडत नाही.

वाळवंटातली_वांगी | १२ जानेवारी, रात्री ८:५५

इस्राएलमधल्या बीर शेवाहून शालोम आणि नमस्कार! @तेलाचा_घाणा, तुम्ही खंडाळ्याचं लिहिलंत आणि माझ्या तोंडात मलिद्याची चव आली. आई मला सहा वर्षांची घेऊन इथे आली. इथे हैफाला एलियाहूची गुहा आहे, आमच्यातले काही जण तिथे जाऊन मलिदा करतात.

पाटीपेन्सिल बाई, तुम्ही नकळत नेमकं बोट ठेवलंत. 'फळ उघडल्यावर आत काय' हे या सणात आधीपासूनच आहे. सोळाव्या शतकात इथल्या 'सफेद' नावाच्या गावातल्या कब्बाला (ज्यू गूढविद्या) मानणाऱ्या मंडळींनी टू बिश्वातचं एक जेवण बसवलं, पेसाहच्या सेदेरसारखं (सेदेर म्हणजे विधिवत जेवण). त्यात फळांचे तीन वर्ग असतात. बाहेर टणक कवच असलेली: अक्रोड, बदाम, डाळिंब. आत बी असलेली: खजूर, ऑलिव्ह, जर्दाळू. आणि कवच नाही, बी नाही, अख्खी खायची: अंजीर, द्राक्ष. त्यामागे मोठं तत्त्वज्ञान आहे, ते मुलांना सांगायची गरज नाही. तीन ताटल्या मांडा आणि वाटू दे त्यांना. त्यांचे चार पेलेही असतात, पांढऱ्या वाइनपासून हळूहळू लालपर्यंत. मुलांसाठी पांढऱ्या द्राक्षांच्या रसात दर वेळी थोडा जांभळा रस ओतायचा. माझ्या मुलाच्या गानमध्ये (बालवाडीला आम्ही गान म्हणतो, म्हणजे बाग) हाच भाग सगळ्यांना आठवतो, कारण रंग बदलतो.

इथे या दिवसांत पाऊस झालेला असतो, नेगेवचं वाळवंटसुद्धा जरा हिरवं होतं आणि बदाम फुलतो. पानं यायच्या आधी नुसती पांढरी-गुलाबी फुलं. गानची मुलं रोपं लावायला जातात. हे झाड लावणं मात्र जुन्या ग्रंथातलं नाही. १८९० मध्ये झेएव यावेत्झ नावाचे शिक्षक झिख्रोन याकोवला आपले विद्यार्थी घेऊन झाडं लावायला गेले, तिथून ती पद्धत पडली. म्हणजे हा भाग शाळेनेच सणाला दिलाय! मूळ दिवस हिशेबाचा होता, कुठल्या वर्षाचं फळ कुठल्या दशमांशात (दहाव्या हिश्श्याच्या दानात) धरायचं त्याचा. आणि नव्या झाडाची पहिली तीन वर्षं फळं खायची नाहीत. म्हणून काही लोक मुलाचे पहिले केस तीन वर्षांनी कापतात, झाडासारखं. तुमच्याकडे जावळ काढतात तसं, फक्त उशिरा. चिमणीताई, तुमच्या वर्गात तीन वर्षांचा लांब केसांचा मुलगा असेल तर मुलगी म्हणू नका हं.

दर सात वर्षांनी श्मिता येतं, जमीन विश्रांती घेते. २०२२ च्या टू बिश्वातला ते वर्ष चालू होतं, गानने कुणाला झाड लावू दिलं नाही. मुलगा रडला. मग बाईंनी आधीची झाडं शोधून त्यांना मिठी मारायला लावली.

खारा_वारा | १२ जानेवारी, रात्री १०:०१

काय सुंदर धागा! अवांतर: तेलाचा घाणा, तुमच्या जुन्या लोकांमध्ये सिनेगॉगला 'मशीद' म्हणत हे खरं का? मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरून म्हणतात.

तेलाचा_घाणा | १२ जानेवारी, रात्री १०:१८

@खारा_वारा, मशीद म्हणत हे खरं. मांडवीच्या १७९६ च्या सिनेगॉगला, जे सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं, आजही 'जुनी मशीद' म्हणतात. स्टेशनच्या नावावर वेगळा धागा काढा, इथे मुलांना भूक लागलीय.

@वांगी, तुम्ही कुठले? आडनाव व्यनितून (खासगी निरोपातून) कळवा. शेवटचं '-कर' काढून गाव निघालं की नातं निघतंच.

दोन_वेण्या | १३ जानेवारी, सकाळी ६:५०

आता माझं रडगाणं. माझ्या धाकटीला काजूची जबरदस्त ॲलर्जी आहे, त्यामुळे 'सणाचा पदार्थ' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, सुकामेव्याचे तुकडे आणि पॉपकॉर्न द्यायचेच नाहीत, घशात अडकतात. चिकटवायला दिलेला पॉपकॉर्न तोंडात जातोच. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे, आडवी दोन नव्हे. खजूर आणि ऑलिव्हच्या बिया मोजून ताब्यात घ्या. मलिद्यात बदाम-पिस्ते नकोतच, बेदाणे बारीक चिरून. नारळाबद्दल प्रत्येक पालकाला आधी लेखी विचार. मोहोरासाठी गुलाबी पातळ कागदाचे तुकडे चुरगाळून लाव. चुरगाळायला मुलांना जास्त आवडतं.

आधीच्या एका शाळेत (नाव सांगत नाही) बाईंनी "थोडंसं चाटलं तर काय होतं" म्हणून बर्फी दिली होती. पुढचे चार तास मी इमर्जन्सीत. म्हणून एवढं तावातावाने लिहिलं, राग मानू नकोस.

गुणसूत्र | १३ जानेवारी, दुपारी १२:३५

वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे खाज आहे.

१. मलिद्याच्या ताटातलं केळं झाडाचं फळ नाही. केळ हे प्रचंड वाढलेलं शाक आहे, लाकूड नाही. ज्याला आपण खोड म्हणतो ते पानांच्या देठांच्या रुंद तळांची गुंडाळी. एकदा घड आला की तो खांब संपला. माझ्या माहितीप्रमाणे ज्यू परंपरेतही केळ्यावर झाडाच्या फळाचं नव्हे, जमिनीच्या फळाचं स्तुतिवचन म्हणतात. जाणकारांनी खुलासा करावा. शास्त्र आणि धर्म इतके एकमताने क्वचित बोलतात.

२. नारळ 'बाहेर कवच' ताटलीत ठेवाल तर अडचण आहे. ती करवंटी म्हणजे आंब्याच्या कोयीचं टणक आवरण. आपण खोबरं खातो तेव्हा कोयीच्या आतलं खातो. बदामाचंही तेच.

३. रोपं. बाहेर बर्फ आहे तर खिडकीत पार्सली लावा. पेसाहच्या ताटात हिरवा पाला लागतो, तो मुलांनी लावलेला असेल. या वर्षी पेसाह १ एप्रिलच्या संध्याकाळी, म्हणजे दोन महिने हातात. मात्र पार्सली उगवायला तीन-चार आठवडे घेते. बी रात्रभर भिजवा. तोवर मुलांचा धीर सुटेल म्हणून शेजारच्या पेल्यात गहू पेरा, तीन-चार दिवसांत कोंब. नवरात्रात घट बसवतो तसंच. सात पिकांतला गहू, म्हणजे तोही विषयाला धरून. जव पेरायचा तर सालासकट मिळवा. सूपसाठी विकतात तो घोटलेला जव उगवत नाही.

४. खाल्लेल्या खजुराची बी फेकू नका, ओल्या कागदात गुंडाळून ठेवा. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षं जुनी खजुराची बी २००५ मध्ये केतुरा किबुत्झमध्ये (सामूहिक शेतीच्या वसाहतीत) इलेन सोलोवे यांनी रुजवून दाखवली. झाडाचं नाव मेथुशेलाह.

पाटीपेन्सिल | १३ जानेवारी, दुपारी १:१०

सर, चार वर्षांची आहेत ती. करवंटी फोडायला हातोडी लागली, म्हणजे बाहेर कवच. कोय पुढे दहावीत.

पण केळ्याचं घे गं चिमणी. "केळीचं झाड हे झाड आहे का?" विचार आणि उत्तर देऊ नकोस.

वाळवंटातली_वांगी | १३ जानेवारी, दुपारी ३:४०

@गुणसूत्र, बरोबर. केळ्यावर 'पेरी हाअदामा', जमिनीचं फळ. खजूर-सफरचंदावर 'पेरी हाएत्झ', झाडाचं फळ.

गहू पेरा, छान आहे. पण ताई, घट म्हणू नका आणि वर हळदकुंकू नका वाहू. तुम्हाला ते घरचं वाटेल, पण एका सणात दुसरा कालवला की मुलांना दोन्ही कळत नाहीत. शिवाय त्या घरांतल्या आईबापांना मूर्तीपूजेच्या जवळ जाणारं काही चालणार नाही.

तेलाचा_घाणा | १३ जानेवारी, सायंकाळी ६:२५

वांगीताई, हळदकुंकवाचं मान्य. पण 'कालवला' म्हणू नका. मलिदा काय आकाशातून पडला? पोहे कोकणातले, नारळ कोकणातला, उरूस हा शब्द शेजारच्या मुसलमानाकडून. आमच्या आज्या गळ्यात मंगळसूत्र घालून शब्बाथचा (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा) दिवा लावायच्या. कालवाकालव शतकानुशतकं झालीय, चव बिघडलेली नाही.

वाळवंटातली_वांगी | १३ जानेवारी, सायंकाळी ७:०२

तुमचं घरातलं आहे दादा. घरात आजी असते समजावायला. वर्गात चिमणीताई एकट्या आहेत आणि मुलांना वीस मिनिटं आहेत. इथे येऊन आम्हाला वर्षानुवर्षं "तुम्ही खरे ज्यू का" विचारलं गेलं, १९६० च्या दशकात त्यासाठी आमच्या लोकांना आंदोलन करावं लागलं. त्यामुळे मी जरा हळवी आहे या बाबतीत.

तेलाचा_घाणा | १३ जानेवारी, सायंकाळी ७:३०

हे मात्र खरं. थांबतो.

अंगणातली_चिमणी | १५ जानेवारी, रात्री ९:५०

बाप रे, केवढं दिलंत सगळ्यांनी! सात कागद कचऱ्यात गेले (पाटीपेन्सिल आजी, निम्मी डाळिंबं मीच रंगवणार होते, पकडलंत).

आज शाळेच्या स्वयंपाकघराशी बोलले. इथलं स्वयंपाकघर कोशेर, घरून काहीही आणायचं नाही, सगळं त्यांच्या यादीतून. पोह्यांचं पाकीट घेऊन गेले तर तिथल्या देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि विचारलं, "हे नक्की काय आहे?" भात चपटा केलेला, म्हटलं. कोशेरचं चिन्ह असलेलं पाकीट शोधून आणायला सांगितलंय. गुळाऐवजी साखर. दाणे नाहीत. नारळ अख्खा चालेल.

एक मजा कळली. सुके अंजीर आणि खजूर कोशेर स्वयंपाकघरात तसेच देत नाहीत, उघडून आत कीड आहे का बघतात. मी विचारलं, हे मुलांनी केलं तर? ते म्हणाले, मुलांनी करावं, मग मी पुन्हा करीन. म्हणजे भिंगं आणावी लागणार!

गहू पेरणार, घट म्हणणार नाही. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, "माती चाळून घे, आणि पाणी शिंपड, ओतू नकोस." हेच तिने मला दर नवरात्रात सांगितलंय.

एक शंका: झाड कोणासाठी लावायचं हे कसं सांगू? मुख्य बाईंना एखादी गोष्ट हवीय.

वाळवंटातली_वांगी | १६ जानेवारी, सकाळी ११:१५

होनीची गोष्ट सांगा, तल्मूद या जुन्या ज्यू ग्रंथातली आहे. होनीला वाटेत एक माणूस खरूबचं झाड लावताना दिसतो. "याला फळ कधी येणार?" "सत्तर वर्षांनी." "तू तोवर जगशील?" तो म्हणतो, मी जन्मलो तेव्हा जगात खरूबची झाडं होती, माझ्या वाडवडिलांनी लावलेली, तसंच मी माझ्या मुलाबाळांसाठी लावतोय. पुढे होनी सत्तर वर्षं झोपतो ते सोडून द्या, मुलं दुपारी झोपायला घाबरतील.

खरूबची वाळकी शेंग तिथे ज्यू दुकानात मिळेल. चिंचेच्या बोटकासारखी दिसते, गोड असते. वर्गात वाजवायला द्या, आत बिया खुळखुळतात.

पाटीपेन्सिल | १६ जानेवारी, दुपारी २:०५

सत्तर म्हणू नकोस. "आजी एवढीशी होती तेव्हा लावलेलं" म्हण.

अंगणातली_चिमणी | ३ फेब्रुवारी २०२६, रात्री १०:३०

झाला एकदाचा! वृत्तांत जमेल तसा लिहिते, हात अजून वेलदोड्याचे आहेत.

सकाळी गोलात पहिलाच प्रश्न: चंद्र कोणी पाहिला? नऊ हात वर. एक म्हणाला त्याने दोन पाहिले. असू दे.

पिशवीत अक्रोड लागल्यावर एक मुलगी म्हणाली, "यात कोणीतरी राहतं." तीन ताटल्यांचा खेळ अपेक्षेपेक्षा लांबला, कारण संत्र्यावर भांडण झालं. साल बाहेर आणि बिया आत, मग कुठे ठेवायचं? शेवटी त्यांनी दोन ताटल्या शेजारी सरकवून संत्रं मधल्या फटीत ठेवलं. कब्बालाच्या लोकांनी काय केलं असतं कोण जाणे.

भिंगाने खजूर तपासणं सर्वांत जास्त चाललं. एकाही खजुरात काही सापडलं नाही, फार निराशा. देखरेखवाले गृहस्थ खरंच आले आणि प्रत्येकाच्या हातातला खजूर गंभीर चेहऱ्याने परत तपासून गेले.

नारळ मी फोडला, हातोडीने, टॉवेलात धरून. तीन डोळे पाहून मुलांनी त्याचं नाव ठेवलं, मग फोडू देईनात. पाच मिनिटं समजूत काढली. पाणी वाटीत निघाल्यावर सगळे शांत.

आणि वेलदोडा. खलबत्ता नव्हता, स्वयंपाकघराची जड वाटी आणि लाटणं दिलं. एक मुलगा, एरवी जो कधी गोलात बसतही नाही, कुटता कुटता थांबला, वाटीत नाक घातलं आणि म्हणाला, "सबाची कॉफी." त्याचे आजोबा इस्राएलमध्ये असतात, ते कॉफीत वेलदोडा घालतात. पुढचा अर्धा तास त्याने ती वाटी कुणाला दिली नाही. संध्याकाळी त्याची आई विचारायला आली, आज वर्गात काय होतं, हा सारखा सबाला फोन लाव म्हणतोय.

मलिदा १४ पैकी पाच जणांनी खाल्ला. तिघांनी साखर-खोबरं तेवढं वेचलं. बाकीच्यांनी फळं. मुख्य बाईंनी तीनदा घेतला.

केळीच्या झाडावर मतदान घेतलं: झाड आहे ११, नाही २, आणि एकाचं मत होतं की केळं दुकानात लागतं.

होनीची गोष्ट पाटीपेन्सिल आजींच्या पद्धतीने सांगितली. एका मुलीने विचारलं, मग आजीच्या आजीसाठी कोणी लावलं? मला काही सुचलं नाही, मुख्य बाईही गप्प. पण मग दुसऱ्याने तिला खरूबची शेंग वाजवून दाखवली.

माझी चूक: रस बदलायचा भाग शेवटी ठेवला, तोवर सगळे दमलेले. चौथा पेला कुणी पाहिलाच नाही. पुढच्या वर्षी तो आधी.

तेलाचा_घाणा | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

वाचून बायकोला ऐकवलं. ती विचारतेय, जायफळ घातलंस का?

अंगणातली_चिमणी | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

विसरले.

तेलाचा_घाणा | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

ती म्हणतेय, वाटलंच. पाच जणांनी खाल्ला त्याअर्थी.

गुणसूत्र | २२ मार्च, दुपारी ४:००

धागा वर काढतोय. पार्सली आली का?

अंगणातली_चिमणी | २२ मार्च, रात्री ९:०५

१४ पेल्यांपैकी नऊ आल्या. दोन बुडाल्या (आई म्हणाली होती ओतू नका), एक पेला घरी गेला तो परतलाच नाही, दोघांत अजून काही नाही. गव्हाची तीनदा कापणी झाली, कात्रीने. केस कापायचा खेळ. त्या लांब केसांच्या मुलाने त्यात सर्वांत जास्त हात मारला. (हो, होता एक. वांगीताई, तुम्ही सांगितलं नसतंत तर मी पहिल्याच दिवशी चुकले असते.)

खजुराच्या बिया ओल्या कागदात आहेत. रोज सकाळी कोणीतरी उघडून बघतं आणि "झोपलीय" म्हणून परत गुंडाळून ठेवतं. कागद बदलू की तोच राहू देऊ?

गुणसूत्र | २२ मार्च, रात्री ९:३०

बदला, बुरशी येईल. आणि कागद उबेला ठेवा, रेडिएटरच्या फार जवळ नको.